जुन्या एमजीबीला मागचे नवे शॉकअप बसवताना

माझी एमजीबी (एमजी कंपनीची जुनी ब्रिटिश स्पोर्ट्स गाडी) १९६७ ची, पण कारखान्यातून निघाली तशी ती राहिलेली नाही. आधीच्या मालकाने मूळचं १७९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन काढून रोव्हरचं ३५२८ सीसीचं ॲल्युमिनियमचं व्ही८ घातलं, पाटे (लीफ स्प्रिंग) बदलून मागची बाजू खाली आणली आणि टायर रुंद केले. इंजिनाची निवड काही जगावेगळी नव्हती. एमजीनेच १९७३ साली जीटी मॉडेलात हे इंजिन बसवून गाडी विकायला काढली होती. मागच्या शॉकअपना मात्र कोणी हात लावला नव्हता. ते जुनेच, लीव्हरवाले.

जानेवारीत काम डोक्यात आलं, ऑगस्टमध्ये कागदपत्रांसकट संपलं. मधल्या काळात "बसवून टाका हो, चार तर बोल्ट आहेत" असं सांगणारे बरेच भेटले. मापं कशी घ्यायची, ब्रॅकेट कुठे लावायचा, विमा कंपनीला काय कळवायचं हे सांगणारे थोडे. म्हणून हे जरा सविस्तर.

आधी जुनी व्यवस्था सांगतो. एमजीबीचा मागचा ॲक्सल एकसंध, त्याच्या दोन्ही बाजूंना पाटे. लीव्हरचा शॉकअप म्हणजे चॅसीला दोन बोल्टांनी कसलेला ओतीव डबा. आत तेल आणि दोन पिस्टन. एक पिस्टन चाक वर येताना काम करतो, दुसरा खाली जाताना. डब्याबाहेर एक दांडा, दांड्याच्या टोकाला लिंक, आणि लिंकचं खालचं टोक पाट्याखालच्या प्लेटला. रचना भक्कम आहे, पन्नास-साठ वर्षं टिकते. पण तेल थोडं मावतं, खराब रस्त्यावर ते लवकर तापतं, फेसाळतं, आणि मग शॉकअपमध्ये दम राहत नाही. शाफ्ट झिजला असेल तर वरून कितीही तेल भरा, ते झिरपतच राहतं.

माझ्या गाडीत उजव्या डब्याखाली कायम ओलसर डाग असायचा. शिवाय जागेवरून गाडी जरा जोरात काढली की मागचा ॲक्सल थडथड नाचायचा. जास्त ताकदीच्या इंजिनाचा पीळ पाट्यांवर येतो, पाटे इंग्रजी एस अक्षरासारखे वाकतात, टायर घसरला की सुटून सरळ होतात, टायर पुन्हा पकडतो, पुन्हा वाकतात. हे सेकंदात अनेकदा होतं. चांगले शॉकअप हा नाच कमी करतात, मुळापासून घालवत नाहीत. त्यासाठी ॲक्सलला वेगळे दांडे लावावे लागतात. ज्यांना फक्त हाच त्रास आहे त्यांनी शॉकअपवर खर्च करण्याआधी याचा विचार जरूर करावा.

पर्याय तीन होते. पहिला, लीव्हरचेच शॉकअप नव्याने भरून घ्यायचे, थोडं घट्ट तेल घालून. गाडी मूळ इंजिनावर आणि मूळ उंचीवर असती तर मी हेच केलं असतं; उगाच टेलिस्कोपिकच्या, म्हणजे नळीवाल्या शॉकअपच्या, मागे लागू नये. दुसरा, बाजारातलं तयार किट. यात लीव्हरच्या डब्याच्या जागी एक ब्रॅकेट, पाट्याखाली नवी प्लेट, आणि त्या दोघांत नळीवाला शॉकअप. किट वाईट नसतात, पण ती मूळ उंची धरून बनवलेली असतात. गाडी खाली बसलेली असली की शॉकअप उभ्या गाडीतच निम्म्याहून जास्त दाबलेला असतो, वर यायला जागाच उरत नाही. तिसरा पर्याय, मापं घेऊन आपल्या गाडीपुरते ब्रॅकेट बनवायचे आणि त्या मापाचे शॉकअप मागवायचे. मी तिसरा घेतला.

यात शॉकअपची खरेदी सगळ्यात शेवटी येते, हे मला एका जुन्या फॅब्रिकेटरकाकांनी सांगितलं. पुढे वेल्डिंगही त्यांनीच केलं. मी त्यांच्याकडे कॅटलॉग घेऊन गेलो होतो. त्यांनी तो बाजूला ठेवला आणि विचारलं, "उभ्या गाडीत शॉकअपच्या दोन भोकांमधलं अंतर किती? चाक पूर्ण वर गेल्यावर किती? लोंबकळल्यावर किती? हे तीन आकडे आणा, मग पुस्तक उघडू."

ते तीन आकडे काढण्यात फेब्रुवारीचा बराचसा भाग गेला. पद्धत सांगतो, कारण इथेच बहुतेक जण अंदाजाने पुढे जातात.

गाडी सपाट जमिनीवर, चारही चाकांवर. टाकी अर्धी भरलेली, चालकाच्या सीटवर आपल्या वजनाइतक्या पिशव्या. टायरमध्ये नेहमीची हवा. गाडी मागून दोन-चार वेळा दाबून सोडायची म्हणजे पाटे आपल्या जागेवर येतात. मग चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचं अंतर दोन्ही बाजूंना मोजून लिहून ठेवायचं. ही झाली उभी उंची. पुढची सगळी मापं हिच्यावरून.

मग गाडी चॅसीखाली घोड्यांवर (स्टँडवर) घेतली, चाकं काढली, ॲक्सलखाली जॅक. जॅकने ॲक्सल वर चढवून बंपचा रबर (वर जाणाऱ्या ॲक्सलला शेवटी थांबवणारा) दाबायला गेलात तर पाटे इतके कडक असतात की ॲक्सल वर जाण्याऐवजी गाडीच घोड्यावरून उचलली जाते. त्यासाठी पाट्यांचा गठ्ठा सोडून फक्त मेन पाटा ठेवला आणि त्यावर ॲक्सल बांधला. सेंटर बोल्ट सोडताना दोन्ही बाजूंना सी-क्लॅम्प घट्ट लावा; पाटे ताणाखाली असतात, बोल्ट सुटताच उसळतात. काढलेल्या पाट्यांच्या जाडीइतका लाकडी ठोकळा मध्ये भरायचा, नाहीतर ॲक्सलची जागा बदलते आणि मापं फुकट जातात.

आता ॲक्सल हाताने वर-खाली होतो. खोटा शॉकअप म्हणून मी एकात एक सरकणाऱ्या दोन नळ्या घेतल्या, दोन्ही टोकांना भोकं पाडली आणि जिथे ब्रॅकेट येईल असं वाटत होतं तिथे क्लॅम्पने धरल्या. आतल्या नळीवर मिलिमीटरची कागदी पट्टी चिकटवली. जॅक चढवत नेला, की पट्टीवर आकडा वाचायचा.

माझ्या गाडीत आकडे असे आले. उभ्या गाडीत दोन भोकांमध्ये ३६० मिमी. बंपचा रबर पूर्ण चेपल्यावर २९०. खाली जाताना ॲक्सलला धरणारे पट्टे ताणले गेल्यावर ४३५. म्हणजे शॉकअपची पूर्ण दाबलेली लांबी २९० पेक्षा कमी हवी आणि पूर्ण उघडलेली ४३५ पेक्षा जास्त. दोन्ही बाजूंना दहा-बारा मिमी हात राखून. वर जाताना ॲक्सलला थांबवायचं काम बंपच्या रबराचं, खाली जाताना पट्ट्यांचं. ते काम शॉकअपवर पडलं की आतला पिस्टन किंवा वरचा ब्रॅकेट, दोघांपैकी एक जातोच. खाली बसवलेल्या गाडीत बरेच जण बंपचा रबर कापून वाढीव जागा काढतात. तसं करू नका. वाटल्यास त्याच उंचीचा मऊ रबर शोधा.

दोन्ही बाजू एकदम वर-खाली करून झाल्यावर एक चाक वर, दुसरं खाली असंही बघितलं. ॲक्सल तिरका झाला की खोटी नळी आत झुकते आणि सायलेन्सरचा पाइप, ब्रेकची नळी, हँडब्रेकची केबल, टायरची आतली कड या सगळ्यांशी तिचं अंतर बदलतं. व्ही८ मुळे माझ्या गाडीला दोन सायलेन्सर पाइप आहेत. डाव्या बाजूला नळी आणि पाइप यांच्यात बोटभरही जागा उरत नव्हती. शेवटी पाइपचा हँगर सरकवून घेतला. तापलेला पाइप शॉकअपच्या अंगाशी असला तर तेल पातळ होतं, म्हणून तिथे नंतर पत्र्याची छोटी ढालही लावली.

एक विचार इथे मनात येऊन गेला. १९६८ च्या शेव्हरोले कमॅरोत एक शॉकअप ॲक्सलच्या पुढे आणि दुसरा मागे लावला होता, तो याच ॲक्सलच्या नाचावर उपाय म्हणून. माझ्याकडे पुढच्या बाजूला बॅटरीची पेटी आडवी येत होती. १९६७ च्या एमजीबीत सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सीटच्या मागे, ॲक्सलच्या अगदी जवळ असतात. तेव्हा तो विचार तिथेच सोडला.

तिरकेपणाबद्दल थोडं. जागा नसली की शॉकअप वरच्या बाजूने आत झुकवून लावतात. थोडा झुकाव चालतो, पण त्याची किंमत वाटते त्यापेक्षा जास्त मोजावी लागते. शॉकअप तिरका असला की चाक जितकं हलतं तितका तो दाबला जात नाही, आणि त्याचा जोरही पूर्ण चाकापर्यंत पोचत नाही. तूट दोनदा बसते, म्हणून कोनाच्या कोसाइनचा वर्ग धरावा लागतो. उभ्यापासून १५ अंश झुकवला तर चाकावर ९३ टक्के काम होतं, २० अंशाला ८८, ३० अंशाला ७५ आणि ४५ अंशाला थेट निम्मं. माझा २० अंशांवर बसला. ४५ अंशात आडवे घातलेले महागडे शॉकअप मी एका प्रदर्शनात पाहिले आहेत. दिसायला देखणे, पण निम्मे पैसे पाण्यात.

ही मोजामोज चालू असतानाच विमा कंपनीशी बोललो. काम सुरू व्हायच्या आधीच बोलावं असं मी सांगेन. फोनवर पहिल्यांदा उत्तर मिळालं की शॉकअप बदलणं ही दुरुस्ती, कळवायची गरज नाही. हेच ईमेलवर लिहून द्या म्हटल्यावर प्रकरण दुसऱ्या टेबलावर गेलं, आणि तिथून वेगळंच उत्तर आलं: शॉकअपचा प्रकार बदलतो आहे आणि बॉडीला वेल्डिंग होणार आहे, म्हणजे हा बदल, दुरुस्ती नव्हे. फॉर्म भरा.

फॉर्ममध्ये विचारलं होतं: कोणता भाग, मूळ भागापेक्षा वेगळा कसा, गाडीची उंची बदलते का, इंजिनाची ताकद बदलते का, काम कोण करणार, काम झाल्यावर कोण तपासणार. सोबत आधीचे आणि नंतरचे फोटो, भागांची बिलं, वेल्डिंग करणाऱ्याचं सहीचं पत्र. शिवाय एका वाहन अभियंत्याचा अहवाल, त्याची फी आपणच भरायची. व्ही८ इंजिन आधीच पॉलिसीवर नोंदलेलं होतं, म्हणून तो मुद्दा निघाला नाही. तुमच्या गाडीत आधीच्या मालकाने केलेले आणि कुठेच न नोंदवलेले बदल असतील तर ते याच फॉर्मच्या निमित्ताने वर येतात, त्याची तयारी ठेवा. तत्त्वतः मंजुरीचं पत्र मार्चच्या मध्यावर आलं. त्यात "काम पूर्ण झाल्यावर अहवाल सादर करणे" ही ओळ ठळक होती. नियम जागोजागी वेगळे असतात. वार्षिक तपासणी करणाऱ्या केंद्राला काय लागतं तेही याच वेळी विचारून घ्या. मी विचारलं तेव्हा त्यांना फक्त भक्कम बसवणूक आणि गळती नसणं एवढ्याशीच मतलब होता.

मंजुरी हातात आल्यावर शॉकअप मागवले. मला हवे होते दोन्ही टोकांना डोळा (बोल्ट जाण्यासाठी गोल कडी) असलेले, दाबल्यावर २७८ मिमी, उघडल्यावर ४४५. म्हणजे उभ्या गाडीत पिस्टन जवळपास मधोमध. कॅटलॉगमधली लांबी डोळ्याच्या मध्यापासून मध्यापर्यंत दिलेली असते. खिळ्यासारखं टोक असलेल्या प्रकारात मात्र ती खिळ्याच्या खांद्यापर्यंत धरतात. दोन कॅटलॉग शेजारी ठेवून तुलना करताना हे तपासून घ्या.

दुहेरी नळीचा की एकेरी, गॅसचा की नुसत्या तेलाचा, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. मी दुहेरी नळीचा घेतला, दाब नसलेला, कडकपणा कमी-जास्त करायला बाहेरून फिरवता येणारी चकती असलेला. गॅसच्या एकेरी नळीत २० बारच्या आसपास दाब असतो. १२ मिमीच्या दांड्यावर तो सुमारे २२५ न्यूटन जोर लावतो, म्हणजे प्रत्येक बाजूला २३ किलोचा धक्का वरच्या दिशेने. हलक्या गाडीची उंची त्याने थोडी बदलते. उंचीवर इतकी मेहनत घेतल्यावर मला ते नको होतं. दुहेरी नळीच्या शॉकअपला एक बंधन आहे. तो उलटा लावता येत नाही, नळीची बाजू खालीच हवी.

बनवणाऱ्यांनी मागच्या ॲक्सलवरचं वजन, पाट्यांचा कडकपणा आणि झुकावाचा कोन विचारला. वजन काट्यावर करून दिलं. त्यावरून ते आतले व्हॉल्व्ह ठरवतात. चाक खाली जातानाचा अडसर वर येतानाच्या अडसरापेक्षा बराच जास्त ठेवला जातो, कारण वर येताना चाकाला खड्ड्याची कड पटकन गिळायची असते. मग वाट बघणं. आधी सांगितलेली तारीख टळली, एप्रिल सरला, शॉकअप मेच्या सुरुवातीला आले. दोन्हींची दाबलेली आणि उघडलेली लांबी मी हातात आल्या आल्या मोजली. मापं बरोबर निघाली तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला.

दरम्यान ब्रॅकेट. खालचा सोपा होता: पाट्याखालच्या प्लेटच्या जागी आठ मिमीची नवी प्लेट, तिला दोन कान, कानांच्या मध्ये शॉकअपचा डोळा. किटमध्ये बहुधा एकाच बाजूने आधार असलेली पिन असते. पिनेचं दुसरं टोक हवेत असल्यामुळे प्रत्येक धक्क्याला ती मुळाशी वाकायला बघते. दोन कानांमध्ये बोल्ट अडकवला की तो वाकण्याचा प्रश्न राहत नाही. बोल्ट ८.८ ग्रेडचा घेतला, आणि लांबी अशी की कानांमध्ये गुळगुळीत भाग यावा, आटे बाहेर राहावेत.

वरच्या ब्रॅकेटवर काका आणि मी बरंच बोललो. लीव्हरच्या डब्याची दोन भोकं होतीच. माझं म्हणणं, तिथेच लावूया. काकांनी चॅसीवर नखाने टकटक करून दाखवलं. "लीव्हरचा डबा इथे पिळायचा. तुमची नळी इथे ढकलणार आणि ओढणार. पातळ पत्र्यावर जाड ब्रॅकेट लावलात तर ब्रॅकेटला काही होणार नाही, पत्रा फाटेल."

मग ठरलं असं. ब्रॅकेट ती दोन भोकं वापरेल, पण शिवाय चॅसीच्या पेटीवर तिसरा बोल्ट, आणि आत-बाहेर तीन मिमीच्या मोठ्या, गोल कोपऱ्यांच्या प्लेटा. चॅसीची पेटी आतून पोकळ असते. बोल्ट आवळला की ती चेपते आणि काही दिवसांनी बोल्ट ढिला पडतो. म्हणून पेटीच्या आरपार नळीचा तुकडा घालून तो दोन्ही बाजूंना वेल्ड केला. बोल्ट आता त्या नळीतून जातो, आवळण्याचा जोर नळीवर पडतो, पत्र्यावर नाही. या कामात मला सगळ्यात समाधान देणारी गोष्ट कोणती असेल तर हा बोटभर नळीचा तुकडा. तो आता कोणाला दिसत नाही.

डोळ्यातल्या बोल्टची दिशा हाही विचाराचा भाग आहे. माझे शॉकअप आत झुकलेले, आणि एक चाक वर गेलं की ते आडवे डोलणार. म्हणून बोल्ट गाडीच्या लांबीच्या दिशेने, पुढून मागे ठेवले. तसं केलं की डोलणं बोल्टभोवती फिरून होतं, रबराला मुरगळावं लागत नाही.

वेल्डिंग मेच्या अखेरीला झालं. त्याआधी पेट्रोलची टाकी पूर्ण उतरवून शेडबाहेर ठेवली. टाकी रिकामी आहे म्हणून जागेवर ठेवू नका. भरलेल्या टाकीपेक्षा वाफ धरलेली रिकामी टाकी जास्त धोक्याची. दोन्ही बॅटऱ्या काढल्या, गालिचे काढले, ब्रेकच्या नळ्यांवर ओलं फडकं. एक जण आग विझवायचा सिलिंडर घेऊन उभा. आधी ब्रॅकेट आणि खोट्या नळ्या लावून चॅसीवरच्या प्लेटांना नुसते टॅक (वेल्डिंगचे छोटे टाके) मारले, ॲक्सल पुन्हा वर-खाली करून पाहिला, दोन्ही बाजूंचे कोन जुळले, मगच पूर्ण वेल्ड. जाड प्लेट आणि पातळ चॅसी असा जोड असला की उष्णता जाड बाजूला द्यायची आणि इंच-दीड इंचाचे तुकडे करत जायचं, नाहीतर पातळ पत्रा जळून भोक पडतं. नवे शॉकअप त्या दिवशी गाडीच्या आसपासही नव्हते. त्यांच्याजवळ वेल्डिंग करू नये.

प्रायमर, रंग, पेटीच्या आत गंजरोधक मेण. मेण शेवटीच, आधी घातलं तर वेल्डिंगच्या वेळी पेटतं.

जून महिना फिटिंगचा. शॉकअप बसवण्याआधी उभे धरून हाताने पाच-सहा वेळा पूर्ण दाबले आणि उघडले. आडवे पडून राहिलेल्या दुहेरी नळीच्या शॉकअपमध्ये हवा चुकीच्या जागी गेलेली असते. पहिल्या एक-दोन वेळा मध्येच पोकळ लागतं, मग हात सगळीकडे सारखा जड होतो. पोकळी जाईपर्यंत करत राहायचं.

बोल्टच्या मापांचा एक घोळ सांगून ठेवतो. ही गाडी इंची मापांची, शॉकअप मिमीचे. डोळ्यातली बाही, म्हणजे रबराच्या आतली धातूची नळी, १२ मिमीच्या बोल्टसाठी. अर्धा इंच म्हणजे १२.७ मिमी, तो जातच नाही. उलट बाजूने, अर्ध्या इंचाच्या भोकात १२ मिमीचा बोल्ट सहज जातो, घट्ट आवळलाही जातो, आणि मग प्रत्येक खड्ड्याला टक्‌ असा आवाज येतो. माणूस शॉकअप खराब निघाला म्हणून शोधत बसतो. कानांची भोकं म्हणून मी बाहीच्या मापाने १२ मिमीचीच पाडून घेतली, आणि त्या सगळ्या नटबोल्टांची पाकिटं इंची मापांपासून वेगळ्या डब्यात ठेवली.

बोल्ट घातले, नट हाताने फिरवून सोडले. आवळायचे नाहीत. गाडी चाकांवर उतरवून, सीटवर पिशव्या ठेवून, उभी उंची लिहून ठेवल्याप्रमाणे आल्यावरच आवळायचे. डोळ्यातला रबर बाहीला चिकटलेला असतो. ॲक्सल लोंबकळत असताना आवळलात तर गाडी उतरवल्यावर रबर कायमचा पिळलेला राहतो आणि वर्षभरात फाटतो. पाट्यांचे यू-बोल्टही नवी प्लेट आल्यामुळे पुन्हा आवळले. नायलॉनचे लॉकनट सगळे नवे.

टेलिस्कोपिक शॉकअप लावल्यावर एक गोष्ट हमखास राहून जाते, ती ब्रेकची रबरी होज. ॲक्सल पूर्ण लोंबकळवून बघितलं तेव्हा माझी होज ताणली जात नव्हती, पण मूळच्या पट्ट्यांचा रबर चिरलेला होता. ते तुटले असते तर ॲक्सल शॉकअपवर आणि होजवर लटकला असता. पट्टे नवे घातले. खर्च नगण्य.

पहिला फेरफटका चकती सगळ्यात मऊ जागी ठेवून. मोह होता थेट मधोमध ठेवण्याचा. हळूहळू एकेक क्लिक वाढवत गेलो, आणि प्रत्येक वेळी तोच रस्ता, तोच वेग. तिसऱ्या क्लिकला गाडी मागून छान धरून राहते. त्यापुढे गतिरोधकावर कमरेला कळायला लागतं, आणि ओळीने बारीक खड्डे आले की मागची बाजू खाली खाली बसत जाते, कारण चाकाला परत खाली यायला वेळच मिळत नाही. कडक म्हणजे चांगला असं मानणाऱ्यांनी त्या खड्ड्यांच्या पट्ट्यातून एकदा जाऊन बघावं.

शॉकअपच्या चकचकीत दांड्यावर प्लॅस्टिकचा बारीक केबल टाय सैलसर बांधून ठेवला होता. शॉकअप दाबला की नळी टायला ढकलते, आणि तो जिथे थांबला तिथपर्यंत दांडा आत गेला होता हे कळतं. पंधरवड्यानंतर, त्यात दोन माणसं आणि सामान घेऊन केलेला एक प्रवासही आला, टाय शेवटापासून १९ मिमीवर होता. म्हणजे बंपचा रबर आपलं काम करतो आहे आणि पिस्टन तळाला टेकलेला नाही. ही युक्ती फुकटातली आहे, कोणत्याही गाडीला लावता येते.

ॲक्सलचा नाच? बराच कमी झाला, गेला नाही. कोरड्या रस्त्यावर आता मुद्दाम प्रयत्न केल्याशिवाय होत नाही, ओल्या रस्त्यावर अजून एखादा हिसका बसतो. रात्रीच्या प्रवासात मात्र फरक चटकन कळला. मागची बाजू डुलत नाही, त्यामुळे समोरच्या दिव्यांचा झोत रस्त्यावर स्थिर राहतो. याची मला अपेक्षा नव्हती.

दीडेकशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासले. यू-बोल्ट पाव फेरा बसले, वरच्या ब्रॅकेटचे जागचे हलले नव्हते.

खर्चाची वाटणी अशी झाली: एकूण रकमेचा साधारण तिसरा हिस्सा शॉकअपना गेला, निम्म्याच्या आसपास ब्रॅकेट, वेल्डिंग आणि मजुरीला. उरलेल्यात नटबोल्ट, पट्टे, रंग, टाकीचं नवं सील आणि अभियंत्याची फी. सुरुवातीला मी शॉकअपच्या किमतीलाच एकूण खर्च समजत होतो. तुम्ही अंदाज बांधत असाल तर शॉकअपची किंमत गुणिले तीन धरा.

अभियंता जुलैमध्ये आला. टॉर्च घेऊन गाडीखाली गेला, वेल्ड पाहिले, बोल्टवरचे ग्रेडचे आकडे वाचले, दोन्ही बाजूंचा कोन मोजला. मी मापांची वही दाखवली. तीन स्थितींतल्या लांब्या आणि शॉकअपच्या लांब्या शेजारी शेजारी लिहिलेल्या पानाचा त्याने फोटो काढून थेट अहवालाला जोडला. वही ठेवली नसती तर पाटे पुन्हा सोडावे लागले असते की काय कोण जाणे. अहवाल, बिलं, काकांचं पत्र आणि फोटो कंपनीला पाठवले. पोचपावती लगेच आली, पण बदल नोंदलेली सुधारित पॉलिसी मागावी लागली. दोनदा आठवण करून दिल्यावर ती ऑगस्टमध्ये आली. हप्ता तोच. वार्षिक तपासणीत केंद्रावरच्या माणसाने गाडी मागून दाबून सोडली, ती एकदाच वर येऊन थांबली, त्याने खूण केली आणि पुढच्या चाकांकडे वळला.

काढलेले लीव्हरचे दोन्ही शॉकअप, लिंक आणि जुन्या प्लेटा तेल लावून, चिठ्ठ्या बांधून ठेवल्या आहेत. उद्या कोणाला गाडी मूळ रूपात न्यायची असेल तर वरच्या ब्रॅकेटचे बोल्ट सोडले की जुनी दोन भोकं जशीच्या तशी मोकळी होतात.

पुढचे शॉकअप कधी, असं आता विचारतात. एमजीबीत पुढच्या बाजूला लीव्हरचा दांडाच सस्पेन्शनचा वरचा विशबोन (चाकाला वरून धरणारा दांडा) असतो, तो काढला की चाकाला वरून धरायला काही राहत नाही. तिथे टेलिस्कोपिक लावायचा तर वरचा विशबोन नव्याने करावा लागतो किंवा लीव्हरचा डबा आतून रिकामा करून नुसता आधार म्हणून ठेवावा लागतो. ते काम वेगळं, त्याची मापं वेगळी. माझे पुढचे सध्या कोरडे आहेत.